कूलिंग टॉवरच्या पाण्याचाही हिशेब सभेपुढे ठेवा : सहकारी साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, उपाध्यक्ष, सर्व संचालक आणि कार्यकारी संचालक,
महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखाने

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी ऊस उत्पादक सभासद या नात्याने लिहीत आहे. माझ्या नोकरीची बरीच वर्षे कारखान्याच्या प्रोसेस हाऊसमध्ये आणि नंतर को-जनच्या (उसाच्या चोथ्यावर वीज बनवणाऱ्या प्रकल्पाच्या) युटिलिटी विभागात गेली, त्यामुळे ज्या पाण्याविषयी लिहितो आहे ते मी जवळून पाहिले आहे. मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच मांडतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अहवालात कारखान्याच्या स्प्रे पाँडचे (तापलेले पाणी हवेत उडवून थंड करण्याच्या तलावाचे) आणि कूलिंग टॉवरचे एक स्वतंत्र पान असावे. हंगामात या व्यवस्थेसाठी नदी, कालवा किंवा विहिरीतून किती पाणी उचलले, किती बाहेर सोडले, त्या पाण्यात साखर किती वेळा सापडली, तलाव आणि टॉवर केव्हा धुतले आणि या सगळ्याला जबाबदार अधिकारी कोण, एवढे त्या पानावर सभासदांना वाचायला मिळावे.

आज अहवालात गाळप, उतारा (उसातून मिळालेल्या साखरेची टक्केवारी), उत्पादित पोती, निर्यात केलेली वीज आणि आसवनीचे, म्हणजे अल्कोहोल प्रकल्पाचे, उत्पादन येते. घटीचे आकडेही येतात: बगॅसमधून (उसाच्या चोथ्यातून) गेलेली साखर, प्रेसमडमधून (रस गाळून उरलेल्या गाळातून) गेलेली, मळीतून गेलेली आणि शेवटी ‘अज्ञात घट’. सभेत बगॅसच्या आणि मळीच्या घटीवर हमखास प्रश्न विचारले जातात, कारण त्या डोळ्यांना दिसतात. अज्ञात घटीवर मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि ती बहुतेक नाइलाजाची आहे असे धरून सभा पुढच्या विषयाकडे वळते. त्या घटीचा एक मोठा रस्ता कूलिंगच्या पाण्यातून जातो, आणि तो रस्ता मोजता येतो.

साखर तयार करणे म्हणजे मुख्यतः रसातले पाणी काढणे होय. उसात सुमारे ७० टक्के पाणी असते, म्हणजे रोज ५००० टन गाळप करणाऱ्या कारखान्याच्या गेटमधून मोळ्यांबरोबर सुमारे ३५०० टन पाणी आत येते. ते इव्हॅपोरेटरच्या एकामागोमाग एक बॉडीतून आणि शेवटी पॅनमधून वाफ होऊन निघते. पॅनमध्ये साखर ६५ अंशांच्या आसपास शिजवता येते ती केवळ व्हॅक्यूममुळे. उघड्या कढईत शिजवली तर तिचा रंग काळवंडेल आणि साखरेचे विघटनही होईल. हे व्हॅक्यूम टिकवण्यासाठी पॅनमधून निघणाऱ्या वाफेचे झपाट्याने पाणी करावे लागते, आणि ते काम बारोमेट्रिक कंडेन्सरमधले इंजेक्शनचे पाणी करते. एक किलो वाफ निवताना सुमारे २३७० किलोज्यूल उष्णता सोडते. तेवढी उष्णता घेऊन पाणी दहा अंशांनीच तापावे असे ठरवले, तर एका किलो वाफेसाठी पन्नास ते साठ लिटर थंड पाणी लागते. हे तापलेले पाणी पाटाने तलावात जाते, नोझलमधून हवेत उडते किंवा टॉवरच्या फिलवरून (पाणी पसरवणाऱ्या आतल्या जाळीवरून) पडते, थंड होते आणि पुन्हा इंजेक्शन पंपाकडे येते. माठ जसा पाझरलेले पाणी वाऱ्याला देऊन उरलेले गार ठेवतो, तसेच इथे थोडे पाणी वाफ होऊन जाते आणि बाकीच्याची उष्णता घेऊन जाते.

इथे आपल्या कारखान्यांचे एक वैशिष्ट्य आहे, आणि ते संचालकांनी नीट समजून घ्यावे अशी विनंती आहे. बारोमेट्रिक कंडेन्सरमध्ये वाफ आणि थंड पाणी एकमेकांत मिसळतात. म्हणजे पॅनमधून आलेली एक किलो वाफ पाणी होऊन तलावातच जमा होते. त्या वाफेची उष्णता घालवताना तलावातून साधारण तेवढेच, किंबहुना थोडे कमी, पाणी हवेत जाते, कारण काही उष्णता नुसती हवा तापवण्यात निघून जाते आणि हिवाळ्यात तिचे प्रमाण अधिक असते. हिशेब सरळ आहे. गाळप चालू असताना साखर कारखान्याच्या स्प्रे पाँडला बाहेरच्या पाण्याची गरज फारशी पडू नये; उलट तो भरून सांडू लागावा. ज्या कारखान्यात जानेवारी-फेब्रुवारीतही तलावात नदीचे पाणी सतत सोडावे लागते, तिथे पाणी वाऱ्याने उडते आहे, तळातून झिरपते आहे, किंवा तापलेला तलाव गार करण्यासाठी ताजे पाणी घालून जुने सांडू दिले जात आहे. तिसरी पद्धत मी सर्वाधिक वेळा पाहिली आहे. गाळप क्षमता २५०० टनांवरून ५००० टनांवर नेली जाते, नवी मिल बसते, नवे पॅन येतात, उद्घाटनाची कोनशिला लागते, आणि स्प्रे पाँड मात्र जुन्या क्षमतेचाच राहतो. मग दुपारी पाणी तापले की व्हॅक्यूम पडते, पॅन रेंगाळतो, पॅनमन वरून ओरडतो आणि इंजेक्शनच्या पाटात ताजे पाणी सोडले जाते. त्या वेळचा तोच सोपा उपाय असतो, म्हणून मी पॅनमनला किंवा शिफ्टच्या इंजिनिअरला दोष देत नाही. विस्तारीकरणाचा प्रकल्प अहवाल मंजूर करताना थंड पाण्याचा विचार ज्यांनी केला नाही, त्यांच्याकडे या पाण्याचा हिशेब मागावा लागेल.

सांडणारे पाणी नुसते पाणी असते तर एवढ्यावर थांबता आले असते. पॅन जोरात उकळत असेल, पातळी वर गेली असेल किंवा व्हॅक्यूम एकदम वाढले असेल, तर वाफेबरोबर रसाचे बारीक थेंब उडून कंडेन्सरमध्ये जातात. त्यांना अडवण्यासाठी पॅनच्या डोक्यावर सेव्ह-ऑल असतो. तो चोंदला, वाकला किंवा त्याची परतीची नळी तुंबली की साखर थेट तलावात जाते. ही गोष्ट पकडण्याची चाचणी जुनी, स्वस्त आणि विश्वासार्ह आहे. प्रयोगशाळेतला मुलगा कंडेन्सरमधून बाहेर पडणारे थोडे पाणी परीक्षानळीत घेतो, अल्फा नॅप्थॉलचे दोन-चार थेंब टाकतो, नळी तिरकी धरून काचेच्या कडेने हळूच संहत सल्फ्युरिक आम्ल सोडतो. आम्ल जड असल्याने तळाशी बसते आणि जिथे ते पाण्याला भेटते तिथे, साखर असेल तर, जांभळे कडे उमटते. कडे फिकट असेल तर अंश आहे आणि गडद असेल तर कुठला तरी पॅन उडतो आहे. पुढचे काम प्रत्येक पॅनच्या कंडेन्सरचे पाणी वेगळे तपासून उडणारा पॅन शोधण्याचे असते, आणि हंगामाच्या ऐन घाईत नेमके तेच राहून जाते. शिफ्टच्या वहीत ‘अंश’ असा शब्द लिहिला जातो, वही कपाटात जाते आणि हंगाम संपतो.

या ‘अंशा’ची किंमत काढून पाहू. रोज ५००० टन गाळपात उसाच्या ०.०१ टक्का एवढीच साखर तलावात गेली असे धरले, तर ती दररोज ५०० किलो होते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ठरवलेल्या किलोला ३१ रुपये या किमान विक्री दराने धरले तरी रोजचे १५,५०० रुपये, आणि १२० दिवसांच्या हंगामात १८ लाख ६० हजार रुपये. हे केवळ ०.०१ टक्क्याचे गणित आहे, आणि पॅन बिघडला तर एका रात्रीत याहून कितीतरी जास्त साखर जाते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) आहे आणि त्यावरील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा मिळतात. म्हणजे उतारा हा सभासदाच्या बिलातला थेट आकडा आहे, आणि तलावात विरघळलेली साखर त्यातूनच वजा झालेली असते.

पाण्यातली साखर तिथे नुसती पडून राहत नाही. कोमट, हवेशीर आणि गोड पाणी जंतूंना अत्यंत मानवते. त्यात आम्ल तयार होते, पाण्याचा पीएच उतरतो, पंपांचे इम्पेलर आणि पाइप खाल्ले जातात, तलावाच्या भिंतींवर आणि नोझलमध्ये बुळबुळीत थर साचतो. मग पाटात चुन्याची निवळी सोडून पीएच ओढून वर आणला जातो. हवेतून येणारा बगॅसचा भुसा आणि बॉयलरची राख या थराला चिकटते, आणि म्हणूनच इतर उद्योगांत उत्तम चालणारे, पाणी पातळ थरात पसरवणारे दाट फिल्म फिल साखर कारखान्यात काही महिन्यांत चोंदते. पुरवठादाराने स्वस्तात दिले म्हणून असे फिल घेतलेले टॉवर मी पाहिले आहेत. इथे पाण्याचे थेंब करून पाडणारे स्प्लॅश फिलच योग्य, मग टॉवर थोडा मोठा घ्यावा लागला तरी चालेल.

सांडलेले पाणी कुठे जाते हेही पाहावे लागेल. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०१६ मध्ये साखर उद्योगासाठी काढलेल्या अधिसूचनेनुसार एकूण सांडपाणी गाळलेल्या उसाच्या टनामागे २०० लिटरच्या आत हवे. त्यातले १०० लिटर प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचे आणि १०० लिटर स्प्रे पाँडच्या सांडव्याचे किंवा कूलिंग टॉवरच्या ब्लोडाऊनचे (टॉवरमधून मुद्दाम सोडून दिलेल्या पाण्याचे). म्हणजे कायद्याने या पाण्याला स्वतःची वेगळी मर्यादा दिली आहे. जिथे सांडव्यावर मीटरच नाही तिथे ही मर्यादा पाळली जाते की नाही हे कारखान्यालाही कळणार नाही. ओढ्याच्या खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला मात्र कळते, कारण त्याच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो, आणि तो शेतकरी बहुतेक वेळा आपलाच सभासद असतो.

आता को-जनच्या आणि आसवनीच्या टॉवरकडे येतो, कारण तिथले गणित उलट आहे. टर्बाइनच्या सरफेस कंडेन्सरमध्ये वाफ आणि थंड पाणी मिसळत नाही, त्यामुळे टॉवरमधून वाफ होऊन गेलेले प्रत्येक लिटर बाहेरून भरावे लागते. ताशी १००० घनमीटर पाणी फिरवणारा आणि ते दहा अंशांनी थंड करणारा टॉवर ताशी सुमारे १५ घनमीटर पाणी हवेला देतो. ही वाफ टाळता येत नाही. थंडावा तिच्यामुळेच मिळतो. पण वाफ जाते तेव्हा क्षार मागे राहतात, ते साचू नयेत म्हणून काही पाणी सोडून द्यावे लागते, आणि किती सोडायचे हे आपल्या हातात आहे. टॉवरमधले क्षार ताज्या पाण्याच्या दुप्पट झाले की पाणी सोडायचे असे धोरण असेल, तर ताशी आणखी १५ घनमीटर पाणी सोडावे लागते. पाणी मृदू करून आणि योग्य रसायने वापरून क्षार पाचपटींपर्यंत जाऊ दिले, तर सोडावे लागणारे पाणी पावणेचार घनमीटरवर येते. फरक दिवसाला २७० घनमीटरचा, म्हणजे २ लाख ७० हजार लिटरचा. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटर या निकषाने हे जवळपास ४९०० माणसांचे रोजचे पाणी आहे. आपल्या कार्यक्षेत्रातल्या ज्या गावांत मार्चपासून टँकर सुरू होतात त्यांची लोकसंख्या यापुढे ठेवून पाहावी.

टंचाई आली की हा विषय आपल्या हातात राहत नाही, हेही लक्षात घ्यावे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य उद्योगांच्या पाण्यात आधी ५० आणि मग ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. इतर उद्योगांनाही कपात लागू झाली. ज्या कारखान्याला आपले पाणी कुठे जाते हे आकड्यांनिशी सांगता येते, तो अशा कपातीत काय वाचवायचे आणि काय बंद करायचे हे ठरवू शकतो; बाकीच्यांना गाडा सरसकट थांबवावा लागतो. आता आसवनी बऱ्याच ठिकाणी हंगामाबाहेरही चालतात, त्यामुळे एप्रिल-मे मधले टॉवरचे पाणी हा पूर्वीपेक्षा मोठा प्रश्न झाला आहे.

आसवनीबाबत एक गैरसमज वारंवार कानावर येतो. उन्हाळ्यात फर्मेंटर (मळी आंबवण्याच्या टाक्या) तापतात म्हणून टॉवरवर खापर फोडले जाते. टॉवर पाण्याला हवेच्या ओल्या तापमापीच्या (ओले कापड गुंडाळलेल्या तापमापीने दाखवलेल्या) तापमानाखाली नेऊ शकत नाही, प्रत्यक्षात त्याहून तीन ते पाच अंश वरच थांबतो. मराठवाड्याची एप्रिलमधली हवा तापलेली असली तरी कोरडी असते, म्हणून ओल्या तापमापीचा आकडा खाली राहतो आणि निरोगी टॉवर उत्तम काम करतो. त्याची खरी कसोटी जूनमध्ये लागते, जेव्हा ढग येतात, हवा दमट होते आणि पाऊस पडलेला नसतो. त्यामुळे एप्रिलमध्येच फर्मेंटर ३६ अंशांच्या पुढे जात असेल तर हवामानाला दोष न देता नोझल, फिल, पंखा आणि प्लेट हीट एक्स्चेंजर उघडून पाहावेत.

बाहेरून भरायच्या पाण्याला आपल्याकडे एक पर्याय घरातच आहे. उसातून आलेल्या पाण्याचा मोठा भाग कंडेन्सेट (वाफ निवून झालेले पाणी) म्हणून मिळतो. बॉयलरला आणि प्रक्रियेला लागेल तेवढा वापरून उरलेला भाग गार करून, पॉलिशिंग युनिटमधून (शुद्धीकरणाच्या यंत्रणेतून) काढून टॉवरला देता येतो. काही कारखाने हे करतात आणि त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. मात्र हे पाणी स्वच्छ दिसते म्हणून सरळ टॉवरमध्ये सोडण्याची घाई कोणी करू नये. त्यात अमोनिया असतो, साखरेचे अंश असतात. अमोनिया कंडेन्सरच्या पितळी नळ्या खातो, क्लोरिन स्वतःच संपवतो आणि जंतूंना अन्न पुरवतो. पाण्याची बचत आणि पाण्याची स्वच्छता या दोन गोष्टी एकाच माणसाच्या देखरेखीखाली हव्यात असे मी म्हणतो ते याचसाठी. बचतीचे श्रेय एका विभागाला आणि शेवाळाची जबाबदारी दुसऱ्याला, असे झाले की दोन्ही बिघडतात.

स्वच्छतेचा हा मुद्दा यंत्रापुरता नाही. टॉवरमधले पाणी साधारण तीस ते चाळीस अंशांवर असते, आणि लेजिओनेला नावाचा जंतू वीस ते पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात, विशेषतः बुळबुळीत थराच्या आडोशाने, वाढतो. तो पिण्यातून नव्हे, तर उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून श्वासाबरोबर फुप्फुसात जातो आणि गंभीर निमोनिया करतो. १९७६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात जमलेल्या लोकांत आलेल्या साथीच्या तपासातून तो प्रथम ओळखला गेला. आपल्या उद्योगाला जवळचे उदाहरण जर्मनीतल्या वारस्टाईनचे आहे. बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या या लहान गावात २०१३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लेजिओनेलाची साथ आली आणि दीडशेहून अधिक लोक आजारी पडले. तपासात कूलिंग टॉवरकडे बोट गेले, आणि हा जंतू तिथल्या सांडपाणी प्रक्रियेच्या व्यवस्थेत आणि नदीच्या पाण्यातही सापडला. बिअरमध्ये काही दोष नव्हता. दोष हवेत उडणाऱ्या पाण्यात होता. ब्रिटनमध्ये १९९२ पासून प्रत्येक कूलिंग टॉवरची माहिती स्थानिक प्रशासनाला कळवणे बंधनकारक आहे, आणि जर्मनीनेही २०१७ मध्ये नोंदणी आणि नियमित तपासणीचा नियम केला.

आपल्या कारखान्यांत अशी साथ आली आहे असे मी म्हणत नाही. पण स्प्रे पाँडच्या वाऱ्याच्या दिशेला कोण राहते, हे प्रत्येक संचालकाने एकदा सायंकाळी जाऊन पाहावे. गाडीतळ बहुतेक ठिकाणी मोकळी जागा म्हणून तलावाच्या बाजूलाच असतो. बीड, नगर, जळगावकडून आलेली ऊसतोड कुटुंबे तिथे कोप्या घालून हंगामभर राहतात. म्हातारी माणसे आणि लहान लेकरे दिवसभर तिथेच असतात. वारा फिरला की तलावाचे तुषार कोपीच्या पाचटावर आणि चुलीवर येतात. थंडीत पाटाचे पाणी कोमट लागते म्हणून बायका तिथे कपडे धुतात, मुलांना आंघोळ घालतात. त्यांच्यापैकी कोणाला ताप-खोकला झाला तर निमोनियाचे औषध सुरू होते. लेजिओनेलासाठी लघवीची चाचणी ग्रामीण रुग्णालयात सहसा होत नाही, आणि कुटुंब हंगाम संपताच गावी परतते. म्हणजे त्रास झाला तरी त्याची नोंद आपल्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता नाही. नोंद नाही म्हणून धोका नाही असे समजण्याचा अधिकार आपल्याला नाही.

सर्वांत धोक्याचे दिवस हंगामाच्या आरंभीचे असतात. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तलावात गाळ आणि शेवाळासह पाणी उभे असते. बॉयलर अग्निप्रदीपन होते, मोळी टाकली जाते, आणि पहिल्याच दिवशी ते पाणी पूर्ण दाबाने हवेत उडू लागते. तलाव आणि टॉवर बंद हंगामात रिकामे करून गाळ काढणे, पंप सुरू करण्यापूर्वी क्लोरिनने निर्जंतुक करणे आणि ते काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला योग्य मास्क देणे, एवढे झाले तरी मोठा धोका टळतो. आज हे काम पाण्याच्या जेटने आणि तोंडाला बांधलेल्या रुमालावर चालते. टॉवरला चांगले ड्रिफ्ट एलिमिनेटर (उडणारे तुषार अडवणारे पडदे) बसवले तर तुषार आणि पाणी दोन्ही वाचतात: ताशी १००० घनमीटरच्या जुन्या टॉवरमधून फिरणाऱ्या पाण्याच्या ०.२ टक्के तुषार उडत असतील तर ते दिवसाला ४८ घनमीटर भरतात, आणि ०.००५ टक्क्यांच्या एलिमिनेटरने ते सव्वा घनमीटरच्या आत येतात. गाडीतळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला हलवायला तर मुरूम टाकण्यापलीकडे खर्चही नाही.

आपल्यापैकी अनेक जण तालुका दूध संघाचेही संचालक आहेत, म्हणून दोन वाक्ये दुधासाठी. तिथे अमोनिया कॉम्प्रेसरचे कंडेन्सर पाण्याच्या तुषारांनीच थंड होतात, आणि तो कंडेन्सर दूध स्वीकारण्याच्या फलाटाच्या किंवा पॅकिंग हॉलच्या हवा खेचणाऱ्या पंख्याजवळ असेल तर तुषार थेट आत जातात. अन्न सुरक्षेच्या २०११ च्या परवाना व नोंदणी विनियमांतील अनुसूची ४ मध्ये पिण्यायोग्य नसलेले पाणी शीतकरणाला वापरण्याची मुभा आहे, परंतु त्याचे पाइप वेगळे आणि ओळखू येतील असे असावेत आणि अन्नाला त्यापासून अप्रत्यक्ष धोकाही नसावा, अशी अट आहे. साखर कारखान्यात क्रिस्टलायझरच्या थंड पाण्याच्या नळ्यांना हीच काळजी लागू पडते. नळी फुटली की दाब ज्या बाजूला जास्त त्या बाजूकडून गळती होते, आणि मसाक्युटमध्ये (साखरेचे दाणे असलेल्या घट्ट पाकात) टॉवरचे पाणी गेले तर ते कुठल्याही चाळणीने निघत नाही.

खर्चाचा प्रश्न येईल हे मला माहीत आहे. भरतीच्या (बाहेरून भरायच्या पाण्याच्या) आणि सांडव्याच्या पाइपवर मीटर, सेव्ह-ऑलची दुरुस्ती, एलिमिनेटर आणि जंतूंची ठरावीक तपासणी यांचा खर्च एका पॅनच्या किमतीपुढे किरकोळ आहे. पूर्ण नवा टॉवर किंवा टर्बाइनला हवेने थंड होणारा कंडेन्सर हे मोठे खर्च आहेत. हवेचा कंडेन्सर पाणी वाचवतो, पण वीज खातो आणि भर उन्हात टर्बाइनची निर्मिती घटवतो, म्हणून तो सरसकट सर्वांनी घ्यावा असे मी म्हणणार नाही. कायम टंचाईच्या पट्ट्यातल्या कारखान्यांनी विस्तारीकरणाच्या वेळी त्याचा हिशेब मांडावा, इतरांनी आधी मीटर बसवावेत. मीटर नसताना घेतलेला टॉवर किती मोठा हवा हे शेवटी पुरवठादारच ठरवतो.

मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे या कामासाठी लागणारे ज्ञान आहे, आणि संस्था दरवर्षी तांत्रिक कार्यक्षमतेचे पुरस्कारही देते. सर्व कारखान्यांसाठी कूलिंगच्या पाण्याच्या नोंदीचा एकच नमुना संस्थेने तयार करून द्यावा आणि त्या नोंदींना पुरस्काराच्या गुणांकनात स्थान द्यावे, अशी विनंती आपण संचालक मंडळांनी ठराव करून पाठवावी. एका कारखान्याने टनामागे पाण्याचा आकडा छापला आणि शेजारच्याने छापला नाही, तर सभासद पुढच्या सभेत विचारतीलच.

कायद्याप्रमाणे सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी होते आणि अहवालाची छपाई त्याआधी काही आठवडे सुरू होते. या वर्षी भरतीचे मीटर नसतील तर पंपाचे तास आणि क्षमता यांवरून काढलेला अंदाज छापावा आणि तो अंदाज आहे असे स्पष्ट लिहावे. नॅप्थॉल चाचणीच्या वह्या प्रयोगशाळेत आहेतच. हंगामात किती नमुने घेतले आणि कितींत साखर सापडली, एवढे दोन आकडे त्यातून एका दिवसात काढता येतात. पुढील मोळीपूजनापूर्वी तलाव धुतल्याची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद त्या पानावर आले की माझी मागणी पूर्ण होईल. माझ्या कारखान्याकडे हाच प्रश्न मी सभासद म्हणून मुदतीत लेखी देत आहे, आणि इतर कारखान्यांच्या सभासदांनीही तो आपापल्या कार्यालयात आवक शिक्क्यासह द्यावा अशी त्यांना विनंती आहे.

कळावे,

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद